रिकार्डो कोणाचा?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला डेव्हिड रिकार्डो भेटतो तो सिद्धांतांच्या रूपाने. खंडाचा सिद्धांत, मूल्याचा श्रमसिद्धांत, आंतरराष्ट्रीय व्यापारातील तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत, एवढ्यावर परीक्षेपुरता परिचय पुरा होतो आणि कंसातल्या १७७२-१८२३ या दोन सनांपलीकडे त्या माणसाची चौकशी करण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही. वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडले जाणारे इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य हे त्याचेच उदाहरण. त्यात पोर्तुगालच का, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो आणि १७०३ च्या मेथ्युएन तहाकडे बोट दाखवून आपण पुढे जातो. ते उत्तर चुकीचे नाही. परंतु रिकार्डोच्या घरात पोर्तुगालचे नाव व्यापारी तहापेक्षा फार निराळ्या अर्थाने उच्चारले जात असले पाहिजे. कारण ज्या समाजात तो जन्मला तो समाज त्या देशातून जीव मुठीत धरून बाहेर पडलेल्यांच्या वंशजांचा होता.

समान पूर्वज आणि समान श्रद्धा या दोन धाग्यांनी लोकसमूहाची ओळख विणली जाते, हे विधान पुस्तकात वाचताना सोपे वाटते. त्यांपैकी एक धागा तुटला आणि दुसरा शाबूत राहिला, तर त्या माणसाचे काय होते आणि त्याचा निवाडा कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. रिकार्डोच्या आयुष्यात तो उघडपणे उभा राहिला.

१४९२ साली स्पेनने आपल्या ज्यू प्रजेला हद्दपार केले. त्यांतील पुष्कळांनी शेजारच्या पोर्तुगालचा आश्रय घेतला. परंतु तेथेही १४९७ साली सर्वांचा सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला. धर्म गेला, असे राजाने मानले. पण ज्यांनी तो घालविला त्यांनीच तो गेला असे खरोखर कधी मानले नाही. स्पेनमध्ये तोलेदो नगराने १४४९ सालीच बाटलेल्या ज्यूंना अधिकाराची पदे नाकारणारा नियम केला होता आणि पुढे रक्तशुद्धीचे असे नियम दोन्ही देशांत पसरले. क्रूसापुढे गुडघे टेकणारा माणूस चार पिढ्यांनंतरही नवख्रिस्तीच राही. इतिहासाच्या या पानाचा एक कोपरा आपल्या गोव्याशी जोडलेला आहे. वनस्पतींवरील ग्रंथामुळे कीर्ती पावलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा असाच नवख्रिस्ती. १५६८ साली तो मरण पावला, पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. श्रद्धा बदलता येते, पूर्वज बदलता येत नाहीत, हे धर्मन्यायासनाने मेलेल्या माणसालाही ऐकविले.

या छळातून निसटलेल्या कुटुंबांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ॲमस्टरडॅममध्ये वस्ती केली आणि पूर्वजांचा धर्म पुन्हा उघडपणे स्वीकारला. वास्तविक त्यांच्यापैकी कित्येकांना त्या धर्मातील साधी प्रार्थनाही येत नव्हती. शंभर वर्षे त्यांच्यापाशी उरला होता तो फक्त वंश. त्याच्या आधाराने ते धर्माकडे परतले. स्वतःच्या समाजाला ते राष्ट्र म्हणत. या राष्ट्राची व्याख्या पाहावयाची असेल तर अर्थशास्त्राच्या माणसाने धर्मग्रंथाकडे न जाता हिशेबाच्या वह्यांकडे जावे. १६१५ साली या मंडळींनी गरीब आणि अनाथ मुलींच्या हुंड्यासाठी एक निधी स्थापन केला. त्यासाठी अर्ज करण्याचा हक्क वंशाने मिळे. एखादी मुलगी परदेशात कॅथलिक म्हणून वाढत असली तरी ती या राष्ट्राच्या रक्ताची असल्यास पात्र ठरे, आणि पूर्व युरोपातून आलेली, जन्मापासून धर्म पाळणारी गरीब ज्यू मुलगी मात्र ठरत नसे. परंतु प्रत्यक्ष रक्कम हाती पडे ती ज्यू विधीने विवाह लागल्यावरच. पूर्वजांमुळे दार उघडे, श्रद्धेमुळे आत घेतले जाई. कोणत्याही स्मृतिकाराने किंवा न्यायाधीशाने या विषयावर याहून नेमके कलम लिहिले असेल असे मला वाटत नाही. याच समाजाने १६५६ साली स्पिनोझा या आपल्या सर्वांत बुद्धिमान मुलाला बहिष्कृत केले, तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता.

डेव्हिडचा बाप अब्राहम रिकार्डो १७६० च्या सुमारास ॲमस्टरडॅमहून लंडनला आला आणि रोखेबाजारात दलाली करू लागला. त्या काळी लंडन शहराने ज्यू दलालांच्या सनदा बारावर मर्यादित केल्या होत्या. त्यांतील एक त्याने मिळविली. म्हणजे त्याचा धर्म हा केवळ घरातला आणि प्रार्थनामंदिरातला विषय नव्हता, तो त्याच्या धंद्याच्या परवान्यावर लिहिलेला होता. बेव्हिस मार्क्स येथील पोर्तुगीज ज्यूंच्या मंदिराचा तो प्रतिष्ठित सभासद होता. त्याच्या सतराहून कमी नसलेल्या अपत्यांपैकी डेव्हिड हा तिसरा. अकराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी ॲमस्टरडॅमला नातलगांकडे पाठविण्यात आले. तेथे त्याने दोन वर्षे काढली. चौदाव्या वर्षी तो बापाबरोबर बाजारात उभा राहू लागला. पुढे युरोपभर गाजलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने विद्यापीठाचे तोंड पाहिले नाही. पदव्यांचे भेंडोळे घेऊन त्याचे सिद्धांत शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट अधूनमधून आठवलेली बरी.

एकविसाव्या वर्षी त्याने प्रिसिला विल्किन्सन या तरुणीशी लग्न केले. ती एका क्वेकर शस्त्रवैद्याची मुलगी. १७५३ च्या विवाहविषयक कायद्याने इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये लागलेला विवाहच कायदेशीर ठरविला होता आणि त्यातून दोनच समाजांना सूट दिली होती: ज्यू आणि क्वेकर. स्वतःच्या विधीने लग्न लावण्याची मुभा राज्याने ज्या दोन समाजांना दिली, नेमक्या त्याच दोन समाजांतील ही मुले एकमेकांशी विवाह करू लागताच दोघांचीही सवलत संपली. २० डिसेंबर १७९३ रोजी लंडनच्या लँबेथ भागातील चर्चमध्ये, म्हणजे दोघांनाही परक्या असलेल्या विधीने, त्यांचा विवाह लागला. क्वेकरांचा नियमही ज्यूंइतकाच कडक होता. पंथाबाहेर, पाद्र्याच्या हातून लग्न करणाऱ्याला ते नातेबाह्य मानीत.

रिकार्डोच्या आईने, अबिगेलने, मुलाशी संबंध तोडला. बापाने धंद्यातून त्याला दूर केले. आईचा निग्रह १८०१ साली तिच्या मृत्यूपर्यंत टिकला असे दिसते. बापलेकांचा समेट झाला तो त्यानंतर.

येथे त्या आईला निर्दय म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. आजच्या वाचकाची सहानुभूती स्वाभाविकपणे तरुण जोडप्याकडे जाते आणि जावीही. परंतु त्या घराच्या बाजूने विचार केला तर गोष्ट वेगळी दिसते. ज्यांच्या पूर्वजांनी तुरुंग, चिता आणि देशत्याग पत्करून एक श्रद्धा जपली, किंवा ती गमावून प्रयासाने परत मिळविली, त्यांच्या दृष्टीने मुलाने स्वखुशीने अँग्लिकन चर्चमध्ये उभे राहणे हा खाजगी आवडीनिवडीचा मामला नव्हता. पोर्तुगालच्या राजाला जे सक्तीने करून साधले नाही ते लंडनच्या मोकळ्या हवेत आपोआप घडत होते. अल्पसंख्य समाजाला छळापेक्षा सहिष्णुतेची धास्ती अधिक वाटावी, यात विरोधाभास असला तरी असमंजसपणा नाही. छळाने समाज घट्ट होतो. मोकळिकीत तो विरघळू लागतो. पुढे डेव्हिडच्या इतर काही भावंडांनीही धर्माबाहेर विवाह केले. आईची भीती अनाठायी नव्हती. तिने त्यासाठी मोजलेली किंमत मात्र तिची तिलाच ठाऊक.

हा प्रश्न त्या काळच्या लंडनपुरता राहिलेला नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे तो १९०८ साली पारशी समाजाच्या संदर्भात आला. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीने झरतुष्ट्री धर्माची दीक्षा घेतली होती. तिला अग्यारीचा आणि समाजाच्या धर्मादाय निधींचा लाभ मिळावा की नाही, असा वाद होता. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्या निकालाने झरतुष्ट्री आणि पारशी हे दोन शब्द वेगळे केले. धर्म कोणालाही स्वीकारता येईल, पण पारशी होण्यास इराणातून आलेल्यांचा वंश, आणि तोही पित्याकडून, हवा. येथेही तंटा निधीवरून निघाला हे लक्षात घेण्यासारखे आहे; ओळखीची व्याख्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात होत नाही, ती वाटणीच्या वेळी होते. याच्या उलट अनुभव कोकणातल्या बेने इस्रायलांना आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले, मराठी बोलणारे हे लोक इस्रायलमध्ये गेले तेव्हा त्यांच्या श्रद्धेविषयी कोणी फारसा प्रश्न केला नाही. मुख्य धर्मगुरूंनी शंका घेतली ती त्यांच्या पूर्वजांच्या विवाहांविषयी, आणि इतर ज्यूंशी त्यांचे विवाह लावण्यात अडथळे आणले. निदर्शने झाली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान मानण्याचा ठराव केल्यावर तो तंटा निवळला. त्याच देशाने १९७० साली आपल्या परतीच्या कायद्यात ज्यू शब्दाची व्याख्या घातली: ज्यू मातेच्या पोटी जन्मलेला अथवा धर्मदीक्षा घेतलेला, आणि अन्य धर्माचा अनुयायी नसलेला. अबिगेलने १७९३ साली मुलाला जो निकाल ऐकविला तोच हा, फक्त कलमाच्या भाषेत.

रिकार्डोकडे परत जाऊ. बापाचा आधार सुटलेल्या या तरुणाला रोखेबाजाराने मात्र सोडले नाही. त्याची सचोटी आणि आकड्यांवरील पकड ठाऊक असलेल्या एका नामांकित पेढीने त्याला भांडवल पुरविले आणि थोड्याच वर्षांत तो बापापेक्षा श्रीमंत झाला. नेपोलियनच्या युद्धांत सरकारला लागणारी कर्जे उभी करणाऱ्यांत तो प्रमुख होता. वॉटर्लूच्या लढाईच्या चार दिवस आधी, १४ जून १८१५ रोजी, ३ कोटी ६० लाख पौंडांचे कर्ज उभारण्यात आले. त्यात त्याने जी जोखीम घेतली तिने त्याला मोठा जमीनदार केले. त्याचा मित्र माल्थस घाबरून आपला लहानसा वाटा आधीच विकून बसला होता. लोकसंख्येविषयी निराशावादी असलेला माणूस रोख्यांविषयीही तसाच निघावा, हे सुसंगतच म्हटले पाहिजे. ग्लॉस्टरशरमधील गॅटकम पार्क ही जहागीर रिकार्डोने त्याआधीच घेतली होती. मृत्यूसमयी त्याची मालमत्ता सुमारे सात लाख पौंडांची होती.

धर्माच्या बाबतीत तो युनिटेरियन पंथाच्या प्रार्थनेला जाऊ लागला. आपल्याकडील प्रार्थना समाजाच्या मंडळींशी स्नेह ठेवणारा आणि पुढे विठ्ठल रामजी शिंदे यांना ऑक्सफर्डला शिष्यवृत्ती देणारा तोच हा पंथ. ख्रिस्ताचे देवत्व न मानणारा आणि एकच ईश्वर मानणारा हा पंथ त्याने निवडावा यात, बालपणीच्या शिकवणीपासून शक्य तितके कमी अंतर तोडण्याची इच्छा होती काय? तसा पुरावा नाही, आणि स्वतः रिकार्डोने या विषयावर फारसे लिहून ठेवलेले नाही. पैशाच्या प्रश्नावर पत्रांमागून पत्रे लिहिणाऱ्या या माणसाचे हे मौन मला बोलके वाटते.

१८१७ साली त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बेव्हिस मार्क्सच्या त्याच मंदिराशी भांडण झालेल्या आयझॅक डिझरायली या लेखकाने आपल्या बारा वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा करविला. तो मुलगा पुढे दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. संसदेचे दार उघडणारी शपथ ख्रिस्ती श्रद्धेवर घ्यावी लागे. रिकार्डो १८१९ साली आयर्लंडमधील पोर्टर्लिंग्टन या मतदारसंघातून निवडून आला, शपथ घेतली आणि आत बसला. मतदारसंघ कसला, मूठभर मतदारांची ती एक विकाऊ जागा. त्याने ती पैसे देऊन घेतली आणि ते गाव कधी पाहिलेही नाही. उलट लायोनेल रॉथ्सचाइल्ड हा १८४७ साली लंडन शहरातून रीतसर निवडून येऊनही, धर्म न सोडल्यामुळे १८५८ पर्यंत सभागृहात बसू शकला नाही. कायद्याने तेवढी श्रद्धा पाहिली. पूर्वजांची चौकशी केली नाही.

परंतु कायदा एक आणि लोकमत दुसरे. विल्यम कॉबेटसारखा लोकप्रिय पत्रकार रिकार्डोच्या चलनविषयक मतांवर तुटून पडे तेव्हा युक्तिवादाच्या जोडीला त्याच्या ज्यूपणाचा उद्धार ठरलेला असे. ज्या समाजाने त्याला आपला म्हणण्याचे नाकारले होते त्या समाजाचे नाव घेऊन त्याला बाजारात शिव्या दिल्या जात होत्या. घरच्यांनी श्रद्धेचा धागा पाहिला आणि तो तुटला म्हणून नाते संपविले. बाहेरच्यांनी वंशाचा धागा पाहिला आणि तो तुटत नाही म्हणून त्याला परका ठरविले. दोघांचेही म्हणणे त्यांच्या परीने सुसंगत होते, पण त्या दोहोंच्या मध्ये जो माणूस सापडतो त्याला कोणत्याच बाजूला उभे राहण्यापुरती जागा उरत नाही.

रिकार्डोची थोरवी अशी की, या कोंडीतून त्याने स्वतःपुरती वाट काढून दार लावून घेतले नाही. १८२३ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, धर्मनिंदेच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलेल्या मेरी ॲन कार्लाइल हिच्या अर्जाच्या निमित्ताने आणि पुन्हा जुलैमध्ये तो सभागृहात बोलला. मत कितीही अप्रिय असले तरी त्यासाठी शिक्षा होऊ नये. परलोक न मानणाऱ्या माणसाची साक्ष आणि सचोटी खोटी धरू नये, अशी त्याची भूमिका होती. विल्बरफोर्ससारख्या धर्मनिष्ठ सभासदाला ती रुचली नाही. ज्यूंवरील कायदेशीर निर्बंध उठविले जावेत असे मतही त्याने त्याच वर्षी एका पत्रात स्वच्छ नोंदविले. सोडून आलेल्या घराची बाजू घेण्यात राजकीय लाभ काहीच नव्हता. उलट कॉबेटच्या हाती कोलीत देण्यासारखे ते होते.

११ सप्टेंबर १८२३ रोजी कानाच्या विकाराने तो अवघ्या एकावन्नाव्या वर्षी वारला. विल्टशरमधील हार्डनहुइश येथील अँग्लिकन चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. वर ग्रीक धाटणीचे स्मारक आहे. मृत्युपत्रात त्याने माल्थस आणि जेम्स मिल या दोघा मित्रांना प्रत्येकी शंभर पौंड ठेवले होते.

त्याच्या कल्पनांचा प्रवास मात्र पुढे बराच झाला. माल्थस ज्या हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकवी तेथून आलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातील जमिनीची पाहणी करून, नक्त उत्पन्न म्हणजेच खंड या तत्त्वावर सारा बसविला. तो शेतकऱ्याला झेपला नाही, गावे ओस पडू लागली आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून नवी पद्धत सुरू केली. मावळातल्या कुणब्याने रिकार्डोचे नाव ऐकले नसेल, पण त्याचा सिद्धांत सोसला. रिकार्डोच्या मृत्यूनंतर वर्षभराने जर्मनीत एका ज्यू वकिलाच्या सहा वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्या मुलाने, कार्ल मार्क्सने, मूल्याच्या त्याच श्रमसिद्धांतावर आपली इमारत उभारली.

पंडितांनीही रिकार्डोच्या पूर्वजांचा पिच्छा सोडला नाही. वस्तुस्थिती बाजूला ठेवून निव्वळ तर्काने निष्कर्ष काढण्याची त्याची पद्धत इंग्रजी बुद्धीला परकी आहे, ती त्याच्या सेमिटिक वंशातून आली, असे बॅजटने सुचविले आणि आल्फ्रेड मार्शलसारख्या साक्षेपी अर्थशास्त्रज्ञाने आपल्या प्रमाणग्रंथाच्या परिशिष्टात ते उचलून धरले. ते वाचताना दोन गोष्टी मनात येतात. त्याच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, त्याच बाजारात वावरलेल्या डेव्हिडच्या भावांपैकी कोणीही असा सिद्धांत मांडला नाही. आणि ज्याने पाठीमागे लागून त्याच्याकडून तो ग्रंथ लिहवून घेतला, आणि अमूर्त तर्काच्या बाबतीत जो त्याच्यापेक्षा काकणभर सरसच होता, तो जेम्स मिल स्कॉटलंडमधल्या एका चांभाराचा मुलगा. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होण्यासाठी शिकलेला. त्याच्या तर्कनिष्ठेचे मूळ त्याच्या रक्तात शोधण्याची खटपट कोणी केल्याचे निदान माझ्या वाचनात आलेले नाही.